लॅपटॉप आला, धडा कोणी लिहायचा?

'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना एमआयटीतील निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ साली जगापुढे मांडली. गरीब देशांच्या सरकारांनी शंभर डॉलरचे संगणक लाखांनी विकत घ्यावेत आणि ते थेट मुलांच्या हाती द्यावेत, असा तिचा गाभा होता. मूल स्वतः काही घडवताना शिकते, हा सिमोर पॅपर्ट यांचा विचार तिच्या मुळाशी होता. विचार मोलाचा आहे. योजनेने त्याचे काय केले, हे आपण शिक्षकांनी तपासून पाहायला हवे.

यंत्राविषयी आमची तक्रार नाही. भर उन्हात वाचता येणारा पडदा, कमी विजेवर चालण्याची सोय, धूळ सोसणारा कळफलक, शेजारच्या लॅपटॉपशी बिनतारी जोडणी या साऱ्यांत खेड्यातील शाळेचा विचार दिसतो. किंमत मात्र शंभर डॉलरपर्यंत कधी उतरली नाही.

सर्वांत मोठी खरेदी पेरू देशाने केली. आठ लाखांहून अधिक. तेथील ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली, तेव्हा गणित व भाषा या विषयांत फरक आढळला नाही. सामान्य आकलनशक्तीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, एवढेच.

असे का झाले? मुले यंत्र वापरत नव्हती असे नाही. लेखन, आकडेमोड, खेळ, संगीत, ध्वनिमुद्रण यांसाठी ती ते वापरत होती. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते. पण त्याहून मोठी उणीव अशी की, उद्याच्या गणिताच्या तासाला या यंत्राचे काय करायचे, याचे स्पष्ट उत्तर शिक्षकाजवळ नव्हते. यंत्र अभ्यासक्रमाशी जोडण्याचे काम कोणाचेच नव्हते.

आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ साली ही योजना नाकारली. तरी २००७ मध्ये कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत ही यंत्रे आली होती. म्हणजे प्रश्न आपल्यालाही परका नाही.

संगणक चालवता येणे आणि माहिती हाताळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, मुले शाळेच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवत आहेत. एकाने मिलिमीटर लिहिले, दुसऱ्याने सेंटिमीटर. रविवारचा रकाना कोरा राहिला. कोरा रकाना म्हणजे पाऊस पडला नाही, की कोणी मोजला नाही? येथे शून्य भरले तर महिन्याची बेरीज कदाचित खोटी ठरेल. माहिती प्रणालीचा हा पहिला धडा वहीतही शिकवता येतो. संगणक त्यानंतर खरा उपयोगी पडतो. दहा शाळांच्या नोंदी एकत्र करून तालुक्याचा आलेख काढता येतो. पण एकके आणि कोरे रकाने यांचा निर्णय न करता त्या नोंदी भरल्या, तर तोच आलेख सुबक दिसेल आणि चुकीचा असेल.

म्हणून शाळेत टॅब किंवा संगणक देण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा शिक्षकांनी संख्येबरोबर आणखी तीन गोष्टी मागाव्यात. कोणत्या पाठासाठी तो वापरायचा, शिक्षकाला तयारीसाठी वेळ किती मिळणार आणि बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार? ही उत्तरे खरेदीच्या आधी लेखी मिळायला हवीत.