भाषांतरातील भूतकाळ

भाषांतरित गद्याचे परीक्षण करताना आपले टीकाकार बहुधा शब्दांपाशीच थांबतात. अमुक इंग्रजी शब्दाला अमुक प्रतिशब्द योग्य की अयोग्य, एवढाच वाद रंगतो. आमचा अनुभव असा की, भूतकाळी क्रियापद, त्याचे क्रियाविशेषण आणि स्थळ दाखविणारा पदसमूह ही तिन्ही जेथे एकमेकांत गुंततात, त्या सांध्यापाशीच भाषांतर अधिक वेळा मोडते. कोश तेथे फारसा उपयोगी पडत नाही.

अगदी साधे वाक्य घेऊ: 'ही वॉक्ड स्लोली इन्टु द रूम.' शब्दास शब्द लावणारा भाषांतरकार 'तो हळूहळू खोलीमध्ये चालला' असे लिहून मोकळा होतो. प्रत्येक शब्द कोशास धरून आहे, पण वाक्याचा अर्थ पार पालटला. मराठीत 'तो चालला' म्हणजे तो निघाला आहे, अजून वाटेत आहे; रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ तसा नाही. मूळ वाक्यातील गृहस्थ तर केव्हाच खोलीत पोचला आहे. इंग्रजीत त्याला पोचविण्याचे काम 'इन्टु' हे चिमुकले शब्दयोगी अव्यय करते. क्रियापदाकडे केवळ जाण्याची तऱ्हा सोपविलेली असते. मराठीत कामाची वाटणी उलटी आहे. पोचणे क्रियापदाने सांगावयाचे आणि तऱ्हा दुसऱ्या पदाने: 'तो सावकाश चालत खोलीत आला.'

परंतु 'आला' की 'गेला'? भाषांतरकाराची खरी परीक्षा येथे आहे. कथा सांगणारा खोलीच्या आत आहे की बाहेर, हे त्या इंग्रजी वाक्यातून कळत नाही. मराठी वाक्याला मात्र ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. ('शिरला' म्हणून ही निवड टाळता येते खरी, पण शिरण्याला आगंतुकपणाची छटा आहे, आणि ती सर्वत्र शोभत नाही.) एखाद्या कथेत रुग्ण अत्यवस्थ आहे आणि डॉक्टर येत आहेत असे समजा. 'डॉक्टर खोलीत आले' म्हटले की वाचक रुग्णाच्या उशाशी बसतो. 'डॉक्टर खोलीत गेले' म्हटले की तो ओसरीवर इतर नातलगांबरोबर ताटकळत राहतो. आमच्या वाचनातील कित्येक भाषांतरित कथांत एका वाक्यात 'आले' आणि लगेच पुढल्या वाक्यात 'गेले' असते. बिचारा वाचक आतबाहेर धावत राहतो. कथा नीरस का वाटते हे त्याला उमगत नाही, आणि दोष मात्र मूळ लेखकाच्या माथी बसतो.

असेच 'अप', 'अवे', 'आउट' या शब्दांचे. इंग्रजीत ते क्रियापदाच्या मागे लटकतात. मराठीत त्यांचे काम सहायक क्रियापदे करतात. खाऊन टाकले, निघून गेला, फेकून दिले, हसून घेतले: या जोड्यांत केवढी शक्ती साठविलेली आहे! 'दूर फेकले' हे 'थ्रू अवे'चे शब्दशः भाषांतर. 'फेकून दिले' हे मराठी. उलट 'स्लॅम्ड' या एका क्रियापदात इंग्रजीने कोंबलेला आवाज मराठी क्रियाविशेषणाकडे देते: दार धाडकन लावले. धाडकन, पटकन, हळूच, खुदकन अशा शब्दांची श्रीमंती घरात असता भाषांतरकार 'जोरदारपणे बंद केले' असे लिहितो, याला काय म्हणावे?

या 'पणे'चे मूळ शाळेत आहे, असे आम्हांस वाटते. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून इंग्रजी व्याकरणाचे साचे आपल्या अभ्यासात आले. त्यांनी मराठीची मोठीच सेवा झाली. पण विद्यार्थ्याच्या मनात असा समज रुजला की, इंग्रजी क्रियाविशेषणासमोर मराठी क्रियाविशेषणच उभे राहिले पाहिजे. मग यशस्वीपणे, काळजीपूर्वक, चांगल्या प्रकारे अशी पलटण निघते. वस्तुतः मराठीचा भूतकाळ या बाबतीत विलक्षण आहे. 'तिने कविता चांगली लिहिली' यात 'लिहिली' हे रूप कवितेच्या लिंगाप्रमाणे चालते, आणि त्याच ओढीने 'चांगली'ही स्त्रीलिंगी होते. चांगली ती कविता की ते लिहिणे? इंग्रजीला 'गुड' आणि 'वेल' यांतून एक निवडावा लागतो. मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदतात. 'कविता चांगल्या प्रकारे लिहिली' म्हणताच हे सुख संपते. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांचा ऊहापोह केला आहे. भाषांतराची हौस असणाऱ्याने कोशाआधी ती प्रकरणे वाचावी.

आता कचेरीतले उदाहरण, कारण आपणां वाचकांपैकी बहुतेकांचा दिवस तेथेच जातो. 'द ऑफिसर एक्झामिन्ड द पेपर्स इन द ऑफिस.' कागद कार्यालयातील होते, की तपासणी कार्यालयात झाली? इंग्रजी वाक्य दोन्हीकडे मान डोलावते. मराठीला तसे करता येत नाही: 'कार्यालयातील कागद तपासले' किंवा 'कागद कार्यालयात तपासले'. कागद घरी नेल्याचा आरोप कुणावर असेल, तर 'त' आणि 'तील' यांतील अंतर हे त्या माणसाच्या नोकरीइतके असते. म्हणून अशा वाक्याचे भाषांतर करणाऱ्याने अंदाजाने प्रत्यय लावू नये. नस्ती मागवावी, आणि तीतून उलगडा न झाल्यास वाक्य संदिग्ध आहे अशी समासात नोंद करावी.

उलट्या वाटेवरही खड्डे आहेत. 'मी काल नागपूरला गेलो होतो' या वाक्यातील 'होतो' जाऊन परत आल्याची सूचना देते. तेच मनात धरून आपण इंग्रजीत 'आय हॅड गॉन टु नागपूर यस्टर्डे' लिहितो. इंग्रजीत 'हॅड'ला पुढे घडलेली दुसरी गोष्ट लागते, ती येथे नाही. 'यस्टर्डे' हा शब्द साध्या 'वेन्ट'वरच संतुष्ट असतो.

रायपुरात राहणाऱ्यांच्या कानावर तर आणखी दोन भूतकाळ पडतात. हिंदीत 'मैंने काम किया', छत्तीसगढीत 'मैं काम करेंव'. छत्तीसगढीत क्रियापद करणाऱ्या माणसाच्या मागे जाते, कामाच्या मागे नव्हे; या बाबतीत ती मराठीपेक्षा इंग्रजीला जवळची. या बोलीचे व्याकरण हीरालाल काव्योपाध्याय यांनी लिहिले आणि ग्रिअर्सनने 1890 साली ते इंग्रजीत आणले. येथे वाढणारे एखादे मूल 'मी काम केलो' म्हणाले, तर ते अडाणी आहे असे समजून रागावू नये. शेजारच्या अंगणातील नियम त्याने इमानाने पाळलेला असतो. 'केले' का म्हणावयाचे ते समजावून द्यावे.

हिंदीचा 'कल' होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. कोणता ते क्रियापद ठरविते. मराठीने काल आणि उद्या वेगळे केले, पण 'परवा' मात्र तसाच दुतोंडी ठेवला. 'साहेब परवा रायपूरला' एवढीच क्रियापदाविना चिठ्ठी टेबलावर मिळाली, तर स्वागताची तयारी करावी की दौऱ्याचे देयक, हे जगातला कोणताही कोश सांगू शकणार नाही.