एका घरांतील अनेक लांकडें

भिंतींना रंग कोणता द्यावा याविषयीं आमच्या मध्यमवर्गांत जितकी चर्चा होते, तिच्या शतांशहि पायांखालच्या लांकडाविषयीं होत नाहीं. उत्तनजवळच्या पालीसारख्या समुद्रकांठच्या गांवांत ही उदासीनता महाग पडते. जुन्या दुमजली घराचा माळा दुरुस्तीस काढला, कीं कांहीं फळ्या शाबूत निघतात, कांहीं कुजलेल्या. मग उरलेल्यांशीं नवें लांकूड कसें नांदवावें? हल्लीं याला दोन उत्तरें मिळतात. सगळें उपटून लॅमिनेटच्या, म्हणजे दाबलेल्या भुशावर लांकडाचें चित्र चिकटविलेल्या, पट्ट्या अंथराव्या, हें एक. नव्या फळीला रंग चढवून ती जुनीसारखी भासवावी, हें दुसरें. आम्हांस दोन्ही नापसंत आहेत, आणि दुसरें अधिक. कारण पहिल्यांत नुसती घाई आहे, दुसऱ्यांत रसिकतेचा आव आहे.

एका घरांत अनेक जातींचें लांकूड असणें ही नवलाई नव्हे. साग, ऐन, किंजळ, फणस हीं कोंकणांत एकाच छपराखालीं नांदत आलीं. देशावरच्या वाड्यांत कडीपाटाच्या फळ्यांवर मातीचा थर असे. फळी खालच्या खोलीचें छत होई आणि पाय पडे तो मातीवर. पुण्यांत दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेल्या विश्रामबागवाड्याचें सागवानी कोरीव काम पाहावें तें दर्शनी भागावर आणि सुरूच्या आकाराच्या खांबांवर. आमची कारागिरी डोळ्यांच्या उंचीवर राहिली. पायांखालच्या फळीकडे पाहण्याची दृष्टि तयार झालीच नाहीं.

रंग जुळविण्याचा खटाटोप फसतो तो लांकडाच्या स्वभावामुळें. फणसाची ताजी फळी पिवळी असते, ती वर्षागणिक तपकिरी होत जाते. नव्या सागांत फिक्या-गडद पट्ट्यांचा गोंधळ असतो; उजेड लागला कीं कांहीं महिन्यांत तो निवळतो. आज जुळविलेला रंग उद्यां जुळत नाहीं, आणि ठिगळ झांकण्यासाठीं केलेल्या खर्चानें ठिगळच उठून दिसतें.

हवेची अडचण तर याहून मोठी. जुलै-ऑगस्टांत या किनाऱ्यावर सापेक्ष आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर असते. लांकूड लांबींत जवळजवळ वाढत नाहीं, रुंदींत फुगतें. आणि प्रत्येक जातीचें फुगणें निराळें. सागाचें कमी, हल्लीं हौसेनें आणतात त्या परदेशी ओकाचें पुष्कळ अधिक. हीं दोन सलग ठोकलीं, तर पावसाळ्यांत फळ्या एकमेकींना रेटतात आणि उन्हाळ्यांत फटी पडतात.

यास्तव आमचें मत असें, कीं लांकूड बदलावें तें उंबरठ्यावर. तेथील आडवी पट्टी दोन्ही बाजूंच्या फळ्यांना हालण्यास जागा देते आणि खोलींतून पाहणाऱ्याला फरक अकारण वाटत नाहीं. शाबूत फळ्या चार खोल्यांत वांटूं नयेत. त्या एकत्र करून एक खोली पुरी करावी, नवें लांकूड पलीकडे घालावें. चकाकी मात्र सर्वत्र एक ठेवावी. एकीकडे आरशासारखें लाखेचें पॉलिश आणि शेजारीं तेलाचा मंद हात, हा भेद रंगाच्या भेदापेक्षां अधिक खुपतो. शिवाय लाखेवर पाणी राहिलें कीं पांढरा डाग उमटतो. ओल्या पायांच्या घरांत ती काय कामाची? अळशीच्या तेलाची जमीन झिजली, तर तेवढ्याच जागीं पुन्हां हात देतां येतो. तो पातळ द्यावा व कोरडा पुसावा. जाड थर दमट हवेंत बुरशी धरतो. (तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत, ते आपोआप पेट घेतात.)

वैचित्र्याची हौसच असेल तर ती जातीऐवजीं दिशेनें भागवावी. व्हर्सायच्या राजवाड्यांत संगमरवरी जमिनी धुतांना पाणी झिरपून खालच्या तुळया कुजूं लागल्या, म्हणून 1684 मध्यें तेथें ओकाच्या जमिनी घातल्या. लांकूड एकच, तिरप्या-उभ्या तुकड्यांच्या गुंफणीनेंच ती जमीन जगभर नांवाजली गेली. पालीच्या माळ्यावर असा थाट कोणी करूं नये. पण दोन खोल्यांत फळ्या दोन दिशांना घालण्यास पैसा फारसा अधिक पडत नाहीं. आणि जुनी फळी जळाऊ म्हणून देण्यापूर्वीं उलटून पाहावी. तिची खालची बाजू पुष्कळदां रंधा मारण्याजोगी निघते.