धोरणात गाडी मोजली, कारागीर राहिला

धोरणावर बोलायचं म्हटलं की आपण मंत्रालयापासून सुरुवात करतो. आज सातपूरपासून करू.

सातपूर एमआयडीसीची मोठी ओळख डिझेलवर उभी आहे. बॉशच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘मायको’च्या, कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकमधूनच रस्त्यावर आली. अशा कारखान्यांच्या जिवावर सुटे भाग बनवणारी छोटी युनिटं जगली. आता विजेच्या गाडीला इंजेक्टर लागत नाही, नोझल लागत नाही, सायलेन्सरही लागत नाही. साधी गोष्ट आहे, पण तिच्यावर कितीतरी घरांच्या चुली अवलंबून आहेत.

राज्याचं धोरण काय म्हणतं? जुलै २०२१ च्या धोरणाने २०२५ पर्यंत नव्या वाहन नोंदणीत १० टक्के ई-वाहनं, आणि नाशिकसह सहा शहरांच्या सार्वजनिक वाहतुकीत २५ टक्के विद्युतीकरण, असं उद्दिष्ट ठेवलं. त्याच जुलैत नाशिकची सिटीलिंक सुरू झाली, ती डिझेल आणि सीएनजीच्या बस घेऊन! पुढे २०२५ चं नवं धोरण आलं. आता २०३० पर्यंत ३० टक्के, शिवाय समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी. दिशा बरोबरच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आमचा आक्षेप मोजणीवर आहे. ठळक आकडे आहेत ते गाड्यांचे, बसचे, चार्जिंगचे. गाडी घेणाऱ्याला सवलत मिळते. गाडी बनवणाऱ्याच्या नावाने तसा ठळक आकडा नाही. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्या चाकणला बनतात. राज्याच्या हिशेबात चाकण काय नि सातपूर काय, दोन्ही महाराष्ट्रच. पण सातपूरच्या कंत्राटी कामगाराला घर उचलून चाकणला नेता येत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या माणसांपुढेही हाच प्रश्न येणार आहे.

कोणी म्हणेल, ट्रॅक्टर-ट्रक अजून बरीच वर्षं डिझेलवर चालतील, घाई कसली? खरं आहे, वेळ आहे. म्हणून तर आत्ता बोलायचं. प्रत्येक एमआयडीसीत इंजिनाच्या कामावर किती हात आहेत, कायम किती, कंत्राटी किती, हे सरकारने मोजावं. नोंदणीच्या आकड्याशेजारी तो आकडा दरवर्षी छापावा. छोट्या युनिटला नवं यंत्र घ्यायला कर्ज आणि कामगाराला पगार चालू ठेवून प्रशिक्षण, हेही धोरणातच यावं.

त्र्यंबक रोडला आयटीआय सिग्नल आहे, तुम्ही रोज ओलांडता. आज अठराव्या वर्षी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेणारा मुलगा २०३० ला पंचविशीच्याही आत असेल. त्याला आपण आज काय सांगणार आहोत?