भूतही दिसतं, दोरीही दिसते : स्वस्तातल्या विनोदी भयपटांविषयी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तीस वर्षं आम्हाला शंकराचार्य आणि कांट शिकवलेत. आणि आता शिंगणापुरात जाऊन तात्या विंचूवर बोलणार?" मी म्हटलं, बाबा रे, कांटनेही १७९० च्या ग्रंथात हसण्याचा विचार केलाय. ताणलेली अपेक्षा एकदम शून्यावर आली की हसू येतं, असं त्याचं म्हणणं. आता रामसे बंधूंचा कुठलाही सिनेमा आठवा. दार करकरतं, वारा सुटतो, कंदील विझतो, आणि शेवटी रबरी मुखवटा घातलेला एक उंच माणूस बाहेर येतो. कांटचं वाक्य समजवायला याहून सोपं उदाहरण मला तरी वर्गात सापडलं नसतं.

पण हे तेवढ्यावर संपत नाही, म्हणून आज बोलायचं.

आधी जागेबद्दल. तुमच्या या गावात घरांना दारं नाहीत, कडीकुलूप नाही. चौकट असते, पडदा असतो. २०११ साली युको बँकेनं इथं बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा देशभर बातमी झाली. शनिदेवही उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही. आता भयपटाचं भांडवल काय असतं, सांगा बरं? दार! रामसेंच्या एका सिनेमाचं नावच 'दरवाजा', दुसऱ्याचं 'बंद दरवाजा'. ही मंडळी शिंगणापुरात शूटिंगला आली असती तर पहिल्याच दिवशी पंचाईत झाली असती. म्हणून त्यांनी महाबळेश्वर धरलं. थोडं हसून घ्या, पण दाराचा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी मी तिथंच येणार आहे.

मी 'पुराना मंदिर' पाहिला तो नेवासा तालुक्यातल्या एका जत्रेत, तंबूतल्या सिनेमात. सिनेमा १९८४ चा, आमच्यापर्यंत यायला दोनेक वर्षं लागली असतील. खाली माती, वर कापड, मागं जनरेटरचा आवाज. त्यातला सामरी तुम्हाला आठवत असेल. त्याचं धड एकीकडे पुरलेलं, शिर दुसरीकडे पेटीत, आणि वर त्रिशूळ. तर हा सामरी पडद्यावर उभा राहिला आणि माझ्या पुढचे एक आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "अरे, याला कुणीतरी जेवायला घाला रे." सगळा तंबू हसला. पुढच्याच क्षणी सामरीनं हात पुढं केला आणि तेच आजोबा शेजारच्याच्या अंगावर कोसळले. मंडळी, मी पदवीला सौंदर्यशास्त्र शिकवत होतो तेव्हा. पण एकाच माणसाला एकाच मिनिटात हसू आणि भीती दोन्ही कशी येते, याचं उत्तर माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

पश्चिमेत अशा आवडीला 'कॅम्प' म्हणतात. सुझन सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेनं १९६४ साली त्यावर गाजलेला निबंध लिहिला. अतिरेक, कृत्रिमपणा, फसलेलं गांभीर्य, आणि या सगळ्यावर प्रेम, असं ते प्रकरण. तिनं एक भेदही केला. एक भाबडा कॅम्प, म्हणजे करणारा मनापासून गंभीर असतो आणि आपल्याला हसू येतं. दुसरा जाणूनबुजून केलेला. मराठीत याला शब्द काय? लोक 'सवंग' म्हणतात, 'भडक' म्हणतात. दोन्हींत तुच्छता आहे, प्रेम नाही. मला वाटतं आपल्याकडे याहून चांगला शब्द हजार वर्षांपासून पडून आहे : आभास. अभिनवगुप्त सांगतात की कुठल्याही रसाचा आभास झाला, म्हणजे तो रस उभा राहायला गेला आणि अनुचित जागी घसरला, की तिथं हास्य जन्मतं. करुणाचा आभास हास्य, वीराचा आभास हास्य, तसाच भयानकाचा. रबरी मुखवट्याचा सामरी म्हणजे भयानकाचा आभास.

पण आजोबा घाबरले त्याचं काय? इथं वेदान्तातला दोरी आणि साप घ्या. अंधारात दोरी पाहिली, साप वाटला, दिवा आणला, दोरी कळली, भीती गेली. हा झाला शास्त्रातला क्रम. स्वस्त भयपटात हा क्रम मोडतो. तिथं दिवा पहिल्यापासून लागलेला असतो. दोरी दिसते, दोरीची गाठ दिसते, दोरी ओढणाऱ्याचा हातसुद्धा कधीकधी दिसतो, आणि तरीही साप डसतो. महागड्या सिनेमाला दोरी लपवायची असते. स्वस्त सिनेमाला ते परवडत नाही, म्हणून तो प्रेक्षकाला सामील करून घेतो. 'आम्ही अर्धं केलंय, उरलेलं तुम्ही करा.' आपण ते करतो, आणि आपणच केलेल्या गोष्टीवर आपला जीव जडतो. त्या प्रेमाचं मूळ मला इथं दिसतं. 'इतका वाईट की चांगला' हे जे हल्ली सर्रास म्हणतात, ते मला पटत नाही. नुसता वाईट सिनेमा कंटाळवाणा असतो, आणि तसे आपण पुष्कळ पाहिलेत.

आता मराठीकडे या. रामसेंकडे भीती आणि विनोद शेजारी शेजारी राहतात. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा वेगळाच कारभार चालतो, भुताशी त्याचं देणंघेणं नाही. मराठीनं दोघांना एका घरात आणलं. १९८२ चा 'एक डाव भुताचा' बघा. पटकथा-संवाद द. मा. मिरासदारांचे, दिलीप प्रभावळकर भित्रे मास्तर आणि अशोक सराफ भूत. हे भूत मानगुटीवर बसतं ते मदत करायला! आपल्या लोककथेत भुतांची जातवारी असते : मुंजा, समंध, खवीस, हडळ, वेताळ. प्रत्येकाची काहीतरी इच्छा राहून गेलेली असते. अशा भुताशी बोलता येतं, भांडता येतं, व्यवहार करता येतो. मिरासदारांच्या विनोदाला ही गावठाणातली भुतं आयतीच सापडली.

मग १९९३ चा 'झपाटलेला'. साल नव्वदीतलं, पण जीव ऐंशीच्या दशकातला. महेश कोठारेंनी अमेरिकेतल्या १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून कल्पना घेतली हे उघड आहे. गुंडाचा आत्मा मंत्रानं बाहुल्यात शिरतो. पण तिकडचा बाहुला दुकानातलं खेळणं आहे. आपल्याकडे लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे आणि बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला. हा फरक छोटा नाही. पाध्यांच्या बाहुल्या मराठी घराला ओळखीच्या होत्या. बाहुला बोलतो तेव्हा बोलणारा शेजारी बसलेला असतो, हे आपल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. तात्या विंचू बोलतो आणि शेजारी कुणीच नसतं. म्हणजे ज्या दोरीची आपल्याला सवय होती, तीच काढून घेतली. तो चेहरा, तो प्रभावळकरांचा आवाज, ती लटपटती चाल, सगळं खोटं आहे हे दिसतं, आणि तरी माझ्या नातवंडांच्या वयाची मुलं अजून रात्री त्या बाहुल्याला घाबरतात.

आणि लक्ष्मीकांत बेर्डे. त्यांच्या थरथरण्याला लोकांनी 'तेच ते' म्हणून नावं ठेवली. मी तसं म्हणणार नाही. भयपटात कुणीतरी घाबरावं लागतं. बेर्डे इतकं घाबरतात की आपल्या वाट्याला भीती उरतच नाही. आपली भीती ते स्वतःच्या अंगावर घेतात, आणि आपण मोकळे होऊन हसतो. शिवाय त्या कथेत एक जुनं दुःख आहे. लक्ष्या खरं सांगतोय आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हसता हसता हे आपण विसरतो.

आता टीकेचं बोलतो, कारण नुसत्या कौतुकासाठी मी इथवर आलो नाही.

मी सातवीत होतो. आमच्या शेजारच्या काकूंना 'बाहेरचं' झालं असं ठरलं. एक भगत आला. दार लावून घेतलं. आम्ही पोरं फटीतून बघत होतो. मिरचीची धुरी, छडीचे आवाज, आणि काकूंचं ओरडणं. बाहेर माणसं सांगत होती, ती ओरडत नाहीये, तिच्यातलं भूत ओरडतंय. मंडळी, त्या दारामागं भूत नव्हतं. माणसं होती. काकू नंतर कधी फारशा बोलल्या नाहीत. पुढं जत्रेत सामरीला हसणाऱ्यांत त्या दिवशी दाराबाहेर उभी असलेली काही माणसं मी पाहिली.

म्हणून माझी या सिनेमांविरुद्ध एकच तक्रार आहे. त्यांनी भुताला हसवलं, पण मांत्रिकाला फार वेळा सोडून दिलं. शेवटी त्रिशूळ लागू पडतो, मंत्र खरा ठरतो. 'झपाटलेला'मध्ये बाबा चमत्कारच्या मंत्रावरच कथा उभी आहे. आणि हडळ जवळजवळ नेहमी बाईच. खवीस विनोदी होऊ शकतो, बाई मात्र भयानकच राहते. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आज गुन्हा आहे. कायदा व्हायला इतका उशीर लागला, यात सिनेमाचा दोष किती? फार नाही. पण भुतावरच्या हसण्यानं अंधश्रद्धा आपोआप जाते, असं कुणी म्हणत असेल तर माझा अनुभव तसा नाही. भुताला हसणं सोपं आहे, ते उलट उत्तर देत नाही. भगताला हसायला धैर्य लागतं. आजच्या 'मुंज्या'सारख्या, २०२४ च्या, गाजलेल्या सिनेमांनाही मी हाच प्रश्न विचारीन : तंत्र सुधारलं, दोरी दिसेनाशी झाली, पण तुम्ही हसताय कुणाला?

तरीही हे जुने सिनेमे मला हवेत. कारण त्यांनी एक सवय लावली : घाबरत असतानाही दोरीकडे नजर ठेवायची. तंबूतल्या आजोबांना ती होती. ही सवय पडद्यापुरती न राहता दाराच्या फटीपर्यंत पोचली असती, तर काकूंसाठी कुणीतरी ते दार ढकललं असतं.

येताना गाडीत मी विचार करत होतो. या गावात दार नाही, म्हणजे आत काय चाललंय ते शेजाऱ्याला दिसतं, ऐकू येतं. हे भीतीमुळं आहे की भरवशामुळं, ते तुम्ही ठरवा, मी पाहुणा आहे. पण ज्या घराला दार नाही, तिथं बाईला कोंडून मारणं जरा अवघड जात असेल, एवढी आशा करायला हरकत नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि तात्या विंचूचा आवाज काढून दाखवा असं कृपा करून कुणी म्हणू नका. घरी नातवानं आधीच काढायला लावलाय.