‘व्हॅलिडेशन यशस्वी’ म्हणजे नेमकं काय यशस्वी?

लॅबमधल्या जुन्या पीसीवर विंडोज ११ टाकायचं म्हटलं की लेगसी बायोसवरून युईएफआयवर जावं लागतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल २०१७ मध्ये विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीसोबत आलं. आज त्याचंच परीक्षण करू.

आधी मूळ मुद्दा. लेगसी बूटमध्ये विंडोज एमबीआर पद्धतीच्या डिस्कवरून सुरू होतं. या पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर साधारण २ टेराबाइटची मर्यादा. युईएफआय मोडमध्ये विंडोजला जीपीटी डिस्क लागते. म्हणजे कामं दोन: डिस्क बदलणं आणि फर्मवेअरची सेटिंग बदलणं. टूल यातलं पहिलंच करतं.

ते काम मात्र छान करतं. विंडोजच्या डिस्कपार्टने हेच करायचं तर आधी अख्खी डिस्क पुसावी लागते. इथे डेटा जागच्या जागी राहतो.

आता माझा आक्षेप. ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय तपासतो काय? प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नाहीत ना, लॉजिकल पार्टिशन नाही ना, जीपीटीच्या तक्त्यांना जागा आहे ना, वगैरे. सगळी तपासणी डिस्कची. मदरबोर्ड युईएफआय चालवतो का, हे तो बघतच नाही. फर्मवेअर युईएफआयवर न्या, ही सूचना रूपांतर झाल्यावर स्क्रीनवर येते. तोवर परतीची वाट बंद झालेली असते, कारण उलटं रूपांतर हे टूल करत नाही. बोर्डात युईएफआय नसेल तर विंडोज सुरूच होणार नाही.

कोणी म्हणेल, टूल आयटीवाल्यांसाठी आहे, त्यांना आपली मशीन माहीत असतात. खरंय. ते मुळात विंडोज पीईमधून चालवायचं. चालू विंडोजमधून वापरायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. पण लॅबमध्ये आयटीवाला बहुतेक वेळा पीएचडीचा विद्यार्थीच असतो! शिवाय त्याच डिस्कवर लिनक्स असेल, तर त्याचं ग्रब युईएफआयसाठी पुन्हा बसवणं आपल्याच माथी.

म्हणून क्रम असा ठेवा: फर्मवेअरमध्ये युईएफआयचा पर्याय स्वतः पाहा, उपकरणाचं कार्ड आणि ड्रायव्हर नव्या मोडमध्ये चालतील का विचारा, दुसऱ्या डिस्कवर बॅकअप घ्या, बिटलॉकर थांबवा. मग व्हॅलिडेट, मग रूपांतर आणि शेवटी फर्मवेअरची सेटिंग.

संशोधनातही कुठलीही चाचणी ‘पास’ झाली की हेच विचारायचं असतं: तिने मोजलं काय, आणि आपण गृहीत काय धरलं? इथे उत्तर चुकलं, तर पणाला लागलेली असते तीन-चार वर्षांची रीडिंग्ज.