मात्रानिश्चितीचे गणित आणि रुग्णाची सुरक्षितता

कर्करोगावरील नव्या औषधाची पहिल्या अवस्थेतील चाचणी बहुधा अशा रुग्णांवर होते, की ज्यांच्यापुढे रूढ उपचारांचा मार्ग उरलेला नसतो. सहन होईल अशी कमाल मात्रा शोधणे हा तिचा परंपरागत हेतू होय. या कामी दीर्घकाळ रूढ असलेला ‘तीन अधिक तीन’ हा नियम सावधगिरीचा आदर्श मानला जातो. ही मान्यता तपासून पाहण्याजोगी आहे.

नियम असा : तीन रुग्णांपैकी एकालाही गंभीर विषारी परिणाम न झाल्यास मात्रा वाढवावी, एकाला झाल्यास त्याच मात्रेवर आणखी तिघे घ्यावेत व सहांत तो एकच बाधित राहिल्यास पुढे जावे, दोघे बाधित होताच थांबावे. आता एखादी मात्रा शेकडा ४० रुग्णांना गंभीर बाधा करणारी आहे, असे समजू. तरीही त्या मात्रेवरून आणखी वर जाण्यास हा नियम संमती देईल, याची संभाव्यता ०.३१ येते. बाधेचे खरे प्रमाण शेकडा ६३ असले, तरी पहिले तिघेही सुखरूप राहण्याचा संभव शंभरात सुमारे पाच असतो. शिवाय आधीच्या पायऱ्यांवर मिळालेली माहिती हा नियम पुढील निर्णयात वापरीत नाही. तात्पर्य, त्याची सावधगिरी पायऱ्यांच्या संथपणात आहे, निर्णयाच्या बळात नव्हे. आणि त्या संथपणापायी अनेक रुग्णांच्या वाट्याला निरुपयोगी ठरण्याइतकी अल्प मात्रा येते.

ओक्विग्ली, पेपे व फिशर यांनी १९९० साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात मांडलेली सतत पुनर्मूल्यांकनाची पद्धती हे दोष टाळू पाहते. प्रत्येक रुग्णाच्या अनुभवानुसार मात्रा व बाधा यांच्या संबंधाचा अंदाज सुधारावयाचा आणि इष्ट प्रमाणाच्या निकटतम मात्रा पुढील रुग्णास द्यावयाची, हे तिचे सूत्र. माहितीचा असा पूर्ण उपयोग हा तिचा निर्विवाद गुण होय. तथापि मूळ स्वरूपात पहिल्या रुग्णाची मात्राही संशोधकांच्या पूर्वानुमानावर ठरे व पायऱ्या ओलांडून जाण्यास मुभा राही. अनुमान चुकल्यास त्याची किंमत प्रथम रुग्णालाच मोजावी लागणार. गुडमन, झाहुराक व पियांटाडोसी यांनी १९९५ साली सुचविलेल्या सुधारणा याच मर्मावर बोट ठेवतात : आरंभ सर्वांत खालच्या मात्रेपासून करावा, एका वेळी एकच पायरी चढावी, एका मात्रेवर एकाहून अधिक रुग्ण घ्यावेत.

या बंधनांचा उगम गणितात नाही, रुग्णाविषयीच्या कर्तव्यात आहे. म्हणून अखेरीस योग्य मात्रा किती वेळा सापडली, एवढ्यावरून आराखड्याची योग्यता ठरविणे अपुरे होय. मूळ अनुमान चुकले असता किती रुग्णांना अतिमात्रा दिली गेली, हाही निकष तितकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.