पडद्यामागची तालीम

युवकांच्या नाटकांविषयी लिहिताना आम्ही बहुधा अभिनयावरच थांबतो. हा दोष नाटकांचा नव्हे, आमच्या समीक्षेचा आहे. प्रायश्चित्तकाळातील दुःखसहन-नाट्ये पाहताना तो आम्हांला विशेष जाणवला. पिलात, पेत्र, वेरोनिका यांची तयारी चांगली. परंतु प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा सारे भाड्याने आणलेले. काही ठिकाणी तर संवादही आधीच ध्वनिमुद्रित! मग मुले शिकली काय? शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे नाही, आणि कालवारीवर काळोख हळूहळू कसा उतरवावा, हेही नाही.

येशूसंघीय विद्यालयांत नाटक हा शिक्षणाचाच भाग होता. काल्देरोन, कॉर्नेय, मोलिएर तेथलेच विद्यार्थी. त्याच संघातील आंद्रेआ पोझ्झो हे धर्मगुरू नव्हते, साधे धर्मबंधू होते. १६८५ साली रोमच्या जेझू मंदिरात त्यांनी काना येथील लग्नाचा भव्य रंगविलेला देखावा उभारला आणि १६९३ च्या आपल्या ग्रंथात त्याची रचना रेखाटून ठेवली. पडद्यामागची कला शिकविता येते, हा विश्वास त्यामागे होता.

एका नाटकात नट वाक्य विसरला. पडदा ओढणाऱ्या मुलाने विंगेतून ते पुरविले. सारे नाटक त्याला पाठ होते. आमच्या परीक्षणात त्याचे नाव नव्हते. ती चूक आम्ही येथे कबूल करतो.

म्हणून आमची सूचना एवढीच: प्रत्येक नटाने एक वर्ष पडद्यामागे काम करावे, पडदा ओढणाऱ्यास एकदा रंगमंचावर आणावे, आणि परीक्षकांनी दोन्हींकडे पाहावे.